सांगली आकाशवाणीचा इतिहास कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगली आकाशवाणी केंद्रावर लिहायला घेतलंय, ६ ऑक्टोबर १९६३ ही सुरुवातीची तारीख मिळाली, वर्धापनदिनांच्या चार बातम्या मिळाल्या आणि पुढे गाडं अडलं. जुनं रेकॉर्डिंग केंद्रात मिळेल का? आणि नाहीच मिळालं तर इतिहास लिहायचा कशाच्या आधारावर?

मी तेहतीस वर्षं आकाशवाणीत काढली. सुरुवात नैमित्तिक उद्घोषक म्हणून, पुढे ड्युटी रूममध्ये, तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या गावी. सांगली केंद्रात नोकरी केली नाही, पण लहानपणी घरात जो रेडिओ लागायचा तो सांगलीचाच. म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते.

आधी जे ऐकायला बरं वाटणार नाही ते सांगते. रेकॉर्डिंग फारसं मिळणार नाही. यात कुणा एका केंद्राचा दोष नाही. त्या काळी जिल्ह्याच्या गावचं रेडिओ केंद्र चालायचंच तसं. सात इंची स्पूलवर, म्हणजे टेप गुंडाळायच्या चाकावर, १२०० फूट टेप मावायची. सेकंदाला साडेसात इंच या वेगानं ती बत्तीस मिनिटं चालते, म्हणजे अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमाला एक स्पूल लागायचं. टेप महाग, मोजून मिळायची. कार्यक्रम लागला की स्पूल परत यायचं, त्यावर पुसायला हरकत नाही अशी खूण व्हायची आणि तीच टेप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कार्यक्रमाला जायची.

पुसायचं यंत्र म्हणजे बल्क इरेजर. जड, चपटी पेटी, आत विद्युतचुंबक. हातातलं घड्याळ आधी काढून लांब ठेवायचं, नाहीतर ते बिघडायचं. स्पूल पेटीवर ठेवायचं, बटण दाबायचं, घूं असा आवाज सुरू झाला की स्पूल हातानं हळूहळू दोनतीनदा फिरवायचं. मग बटण चालू असतानाच स्पूल सावकाश उचलून हातभर लांब न्यायचं आणि त्यानंतर बटण बंद करायचं. स्पूल पेटीवरच असताना बटण बंद केलं तर टेपवर धपधप असा ठोका राहून जायचा. एका केंद्रावर मी असंच एका वासुदेवाचं चौदा मिनिटांचं ध्वनिमुद्रण पुसलं. पहाटे गावात जाऊन केलेलं होतं, मागे कोंबडा आणि रहाटाचा आवाज होता. यादीत नंबर आला म्हणून पुसलं. आज ती चौदा मिनिटं मला लख्ख ऐकू येतात, आणि ती माझ्याशिवाय आता कुणालाच ऐकू येणार नाहीत.

शिवाय बरंचसं प्रसारण मुद्रित व्हायचंच नाही. निवेदनं थेट, बाजारभाव थेट, शेतकऱ्यांसाठीच्या गप्पा पुष्कळदा थेट. जपून ठेवलं गेलं ते मोठ्या माणसांचं: मंत्र्यांची भाषणं, नामांकित गवयांच्या मैफली. त्यामुळे एखादी संग्रहातली टेप हाती आली तरी तिच्यावरून केंद्राचा रोजचा दिवस कळत नाही. रोजचा दिवस कळतो तो कागदांवरून आणि माणसांकडून. आणि हे कागद केंद्राच्या कपाटात कमी, लोकांच्या ट्रंकांत जास्त आहेत. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

कागदांत सगळ्यात भरवशाचं म्हणजे करारपत्र. आकाशवाणी कुणालाही नुसतं तोंडी बोलावत नाही. भाषण असो, भजन असो की नाटुकल्यातली दोन वाक्यं असोत, कलाकाराला छापील करारपत्र जायचं. त्यावर कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख आणि वेळ, किती मिनिटं, मानधन किती, सगळं असायचं. केंद्राकडची प्रत मुदत संपली की बाद. कलाकाराच्या घरची प्रत मात्र वर्षानुवर्षं राहते, कारण रेडिओवर बोलावणं येणं ही घराण्याच्या अभिमानाची गोष्ट होती. एका शाहिरांच्या घरी मी एकोणीस करारपत्रं एका सुतळीत ओवलेली पाहिली आहेत, तारीखवार. त्या सुतळीवरून त्या केंद्राच्या लोकसंगीत विभागाची जवळपास बारा वर्षं उभी राहतात: कुठल्या महिन्यात बोलावणं वाढायचं, मानधन कधी वाढलं, पोवाडा पंधरा मिनिटांवरून दहावर कधी आला.

सांगलीच्या बाबतीत तर हे फारच फळेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभं केलं ते याच गावात. शेजारी मिरज, म्हणजे तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी, अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी, दर्ग्यातला दरवर्षीचा संगीतोत्सव. ज्या केंद्राच्या उंबऱ्याशी नट आणि गवई दोन्ही आहेत, तिथली करारपत्रं किती घरांत पडून असतील याचा विचार करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक फेरी माराच. तिथे गाणारे, वाजवणारे आणि वाद्यं दुरुस्त करणारे तिघेही भेटतील, आणि स्टुडिओतले तंबोरे कुणाच्या हातचे हेही तिथेच कळेल.

दुसरा कागद म्हणजे क्यू शीट आणि लॉगबुक. क्यू शीट म्हणजे दिवसाचा मिनिटामिनिटाचा कार्यक्रम, उद्घोषकाच्या समोर असायचा तो. लॉगबुकात प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. वीज किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी गेली, जनरेटर कधी सुरू झाला, पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांचा रिले स्वच्छ आला की खरखरला, हे सगळं तिथे नोंदलं जायचं. क्यू शीटमध्ये ठरवलेला दिवस दिसतो, लॉगबुकात घडलेला. ही बुकंही ठरावीक मुदतीनंतर बाद होतात, पण निवृत्त होताना एखादं जुनं बुक आठवण म्हणून घरी नेलेली माणसं असतात. विचारायला लाजू नका.

केंद्राबाहेरचे छापील कागदही आहेत. आकाशवाणीचं 'द इंडियन लिसनर' हे इंग्रजी कार्यक्रमपत्रक १९५८ पासून 'आकाशवाणी' या नावानं निघू लागलं. त्यात केंद्रवार कार्यक्रम छापले जायचे, आणि १९६३ नंतरच्या अंकांत सांगली शोधायचं. 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक' हे वार्षिक १९४७ पासून निघतं. जगभरच्या केंद्रांच्या फ्रीक्वेन्सी आणि प्रक्षेपकाची शक्ती त्यात असते. एकेका वर्षाचा अंक घेऊन सांगलीसमोरचा आकडा टिपत गेलात तर शक्ती कधी वाढली ते कळेल, आणि शक्ती वाढली की श्रोत्यांचा नकाशा बदलतो. कोल्हापूरचा 'पुढारी' आणि बेळगावचा 'तरुण भारत' यांच्या जुन्या फायलीही चाळा. नुसत्या बातम्या वाचू नका. आजचे रेडिओ कार्यक्रम म्हणून जी बारीक टायपातली चौकट यायची ती वाचा.

तारीख नसलेला कागद हाती आला तर एक युक्ती सांगते. सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागते. १२५१ ला ९ ने भाग जातो. परभणी १३०५, रत्नागिरी ११४३, जळगाव ९६३, पुणे ७९२, सगळ्यांना जातो. हा योगायोग नाही. जिनिव्हात १९७५ मध्ये मध्यम लहरींची (मीडियम वेव्हची) नवी वाटणी ठरली आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेतली केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. म्हणून एखाद्या पत्रकावर, पोस्टकार्डावर, रेडिओच्या खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मध्यम लहरीच्या केंद्राचा असा आकडा दिसला की ज्याला ९ ने भाग जात नाही, तर तो कागद बहुधा त्या तारखेच्या आधीचा. उलटं मात्र खरं नाही. ९ ने भाग जाणारा आकडा आधीचाही असू शकतो. किलोहर्ट्झऐवजी किलोसायकल लिहिलेलं दिसलं तरी कागद जुन्यातला समजा.

आवाजाची टेप मिळाली तर अशीच एक खूण कान देऊन शोधता येते. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी होती. ती सत्तरच्या दशकात सैल झाली. सांगली केंद्र सुरू झालं तेव्हा ही बंदी अमलात होती. शास्त्रीय गायनाच्या स्टुडिओतल्या मुद्रणात साथीला सारंगी किंवा व्हायोलिनच असेल तर ते पहिल्या काही वर्षांतलं असण्याचा संभव वाढतो, आणि पेटी ऐकू आली तर बहुतेक नंतरचं. एवढ्यावर तारीख ठोकू नका, पण इतर पुराव्याला याची जोड चांगली होते.

आता केंद्र कुठवर पोहोचत होतं त्याबद्दल. बहुतेक लेखांत हा भाग नसतो, आणि माझ्या मते केंद्राचा खरा इतिहास याच भागात आहे.

मध्यम लहरींचं प्रक्षेपण जमिनीला धरून जातं. १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण २४० मीटरची लहर. प्रक्षेपण केंद्रावर जो उंच मनोरा दिसतो तो स्वतःच अँटेना असतो. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पायथ्यापासून चहूकडे जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यासाठी मोकळी, ओल धरणारी जमीन हवी. म्हणून स्टुडिओ गावात आणि मनोरा गावाबाहेर शेतांत, असं बहुतेक केंद्रांचं असतं. कृष्णाकाठची काळी माती लहरीला चांगली. कोकणातला जांभ्याचा कातळ वाईट, तिथे लहर लवकर दमते, त्यात सह्याद्री आडवा. सांगली १९६३, परभणी १९६८, जळगाव १९७६, रत्नागिरी १९७७ हा क्रम पाहिलात तर मुंबई, पुणे, नागपूरचा आवाज जिथे नीट पोहोचत नव्हता तिथे एकेक दिवा लावत गेल्यासारखा तो दिसतो.

पण हे झालं तंत्राचं गणित. केंद्र प्रत्यक्ष कुठे ऐकलं जात होतं हे सांगतात ती पोस्टकार्डं. फर्माइशीच्या कार्यक्रमांना रोज गठ्ठ्यानं पत्रं यायची. मी कितीतरी वर्षं ती फोडली. प्रत्येकावर गावाचं नाव, तालुका, जिल्हा. निवेदनात आम्ही गाण्याआधी नावं आणि गावं वाचायचो, आणि लोक गाण्यापेक्षा स्वतःच्या गावाच्या नावाची वाट पाहायचे. पुढे ही पत्रं रद्दीत जायची. पण श्रोत्यांनी स्वतःच्या वह्या ठेवल्या. गावोगावी श्रोता मंडळं होती, त्यांच्या सभासदांच्या घरी या वह्या अजून आहेत. मला एकानं दाखवलेली वही शाळेची दोनशे पानी होती. तीन रकाने आखलेले: तारीख, गाणं, कुणाकुणाची नावं वाचली. ज्या दिवशी त्याचं स्वतःचं नाव आलं त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ. आठ वर्षांत अकरा रेघा. अशा चार वह्या मिळाल्या तर त्यांतली गावं नकाशावर टाचण्यांनी टोचा. सांगलीपासून कुठल्या दिशेला टाचण्या लांब जातात ते पाहा. माझी खात्री आहे की पूर्वेला जत, आटपाडी, सांगोला आणि दक्षिणेला सीमाभागातल्या गावांकडे त्या दाट होतील. बेळगाव, निपाणी, अथणीकडच्या मराठी घरांना हे केंद्र म्हणजे नुसती करमणूक नव्हती, घरातली भाषा रोज कानावर पडण्याची ती सोय होती. या गावांकडे तुम्ही स्वतः जाऊन बोलावं असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या इतिहासात सीमाभागाला एक स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं.

सांगलीच्या आधी काय होतं तेही थोडं लिहा. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि या भागाला दिवसा लागणारं जवळचं मराठी केंद्र तेच. १९५६ मध्ये पुण्याहून एक मोठा प्रयोग झाला. युनेस्कोच्या मदतीनं, पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकी मंडळं नेमली, त्यांच्यासाठी खास वीस कार्यक्रम केले, ते ऐकून गावकऱ्यांनी चर्चा करायची आणि प्रश्न उलट पाठवायचे. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेनं पाहणी केली, पॉल नॉयरथ यांनी अहवाल लिहिला, आणि १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू झाली. सांगली केंद्र निघालं ते या हवेत. त्यामुळे तिथे शेतकी कार्यक्रम पहिल्यापासून मुख्य असणार हे उघड आहे. हळद, द्राक्षं, ऊस यांच्याबद्दल कुठल्या वर्षी काय सांगितलं गेलं हे शोधायला करारपत्रांतली शेती अधिकाऱ्यांची आणि प्रगतिशील शेतकऱ्यांची नावं उपयोगी पडतील.

चावडीवरचा रेडिओही विसरू नका. ग्रामपंचायतीचा सेट, वर कर्णा, संध्याकाळी शिपाई तो लावणार. घरोघरी ट्रान्झिस्टर यायच्या आधी पुष्कळांनी सांगली ऐकली ती अशी, उभ्यानं, पारावर. कुणाच्या घरी सेट आधी आला हे कळायला रेडिओ परवान्याचं पुस्तक पाहा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओला परवाना लागायचा आणि तो पोस्टात जाऊन दरसाल नवा करावा लागायचा. त्या पुस्तकावर सेटचा मेक, मालकाचं नाव, पत्ता आणि दरवर्षीचा पोस्टाचा शिक्का असतो. मर्फी की फिलिप्स, १९६४ की १९७१, सगळं पक्कं कळतं. आमच्या घरचं पुस्तक आईनं सातबाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवलं होतं.

माणसांशी बोलताना एक चूक सगळे करतात. आठवणी सांगा, असं विचारतात. मग तीच ठरलेली उत्तरं येतात: फार छान दिवस होते, अमुक मोठे गायक आले होते. असं विचारू नका. कामाची हकिकत विचारा. सकाळची पहिली सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, उघडायला घरून किती वाजता निघायचात? किल्ली कुणाकडे असायची? स्टुडिओत गेल्यावर पहिला हात कशाला लागायचा? टेप तुटली तर? मी एकदा ऐंशी ओलांडलेल्या एका उद्घोषिकेकडे गेले होते. अर्धा तास त्या काहीच सांगेनात, विसरले म्हणत होत्या. मग मी म्हटलं, बाई, ओपनिंग, सभा सुरू करतानाचं निवेदन, करून दाखवा ना. त्या ताठ बसल्या, उजवा हात आपोआप पुढे गेला, फेडर (आवाजाची सरकती कळ) वर सरकवल्यासारखा, आणि केंद्राचं नाव, मीटर, किलोहर्ट्झ, वेळ, सगळं एका दमात, एकही अक्षर न अडखळता. त्यानंतर दोन तास त्या थांबल्या नाहीत. आवाजाच्या माणसाची आठवण हातात आणि घशात असते.

नैमित्तिक उद्घोषकांना नक्की शोधा, विशेषतः बायकांना. कायम नोकरीतल्यांची नावं कागदोपत्री सापडतील, यांची सापडणार नाहीत. महिन्यातून मोजक्या ड्युट्या, मानधन बेताचं, रात्रीची सभा संपली की अकरा वाजून गेलेले, आणि मग घरी पोहोचायची चिंता. शिक्षिका, गृहिणी, कॉलेजातल्या मुली. छोट्या गावात एकट्या बाईनं रात्री कामावरून घरी येणं हे त्या काळात किती घरांतून भांडून मिळवावं लागलं, ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांचा आवाज अख्ख्या जिल्ह्याला पाठ होता, चेहरा गल्लीलाही माहीत नव्हता. भाजी घेताना, बसमध्ये तिकीट मागताना लोक वळून पाहायचे, हे आमच्या प्रत्येकीच्या बाबतीत घडलेलं आहे.

मोठ्या दिवसांची यादी करून प्रत्येकाला त्या दिवसांबद्दल वेगवेगळं विचारा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनेचा भूकंप. केंद्र तेव्हा बंद असणार, सकाळची सभा पुढे होती. त्या सकाळी ओपनिंग कुणी केलं, पहिलं वाक्य काय बोललं गेलं? १९७२ चा दुष्काळ. २००५ चा कृष्णेचा महापूर, २०१९ चा महापूर. आणि २५ जानेवारी १९८७, रविवार, रामायण मालिका सुरू झाली तो. त्या रविवारनंतर सकाळच्या पत्रांचा गठ्ठा कसा पातळ होत गेला हे पत्रं फोडणाऱ्याला विचारा, त्याला नेमकं आठवेल. माझ्या केंद्रावर तरी दोन-तीन महिन्यांत फरक हाताला कळला होता.

एक घोटाळा टाळा. तुम्ही प्रश्नात सांगलीला स्थानिक केंद्र म्हटलंय. आकाशवाणीत या शब्दाला वेगळा अर्थ आहे. 'लोकल रेडिओ स्टेशन' ही योजना १९८४ मध्ये तमिळनाडूतल्या नागरकोइलपासून सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं निघाली, बहुतेक एफएमवर. आपल्याकडे सातारा, कोल्हापूर, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), धुळे, बीड ही त्यातली. सांगली त्यांच्या वीस वर्षं आधीची, मध्यम लहरींची, कित्येक जिल्ह्यांना पुरणारी. दोन्हींचा स्वभाव वेगळा. स्थानिक केंद्रात टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावात जायचं आणि तिथलेच आवाज आणायचे, अशी कल्पना होती, आणि ती फार सुंदर होती. अडचण एकच: केंद्र एफएमवर आणि खेड्यातल्या सेटवर एफएमचा पट्टाच नाही. अशा एका केंद्रावर मी सुरुवातीच्या दिवसांत काम केलंय. आम्ही जीव तोडून कार्यक्रम करायचो आणि ज्याच्या बांधावर बसून मुलाखत घेतली तो शेतकरी म्हणायचा, बाई, आमच्या रेडिओवर तुमचं स्टेशन लागत नाही. स्वस्त एफएम सेट आणि पुढे मोबाइल आले तेव्हा कुठे ही केंद्रं घराघरांत पोहोचली.

तिसरी पिढी म्हणजे सामुदायिक रेडिओ. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ ला आला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवानगी मिळाली. तुमच्यापासून फार लांब नाही, माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी एफएम ९०.४ वर चालते. प्रक्षेपक अवघा पन्नास वॅटचा, पोहोच दहा-बारा किलोमीटरची. पण तिथे बोलणारी बाई आणि ऐकणारी बाई एकाच आठवडी बाजारात भेटतात. एकदा जाऊन बसा तिथे. सांगली केंद्राच्या पहिल्या वर्षांत स्टुडिओत किती उत्साह असेल याचा अंदाज येईल.

घरोघरी फिरताना कुणी टेप काढून दिली तर काळजी घ्या. स्पूलच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेपचा पाया कुजायला लागलाय. ती घरच्या जुन्या मशीनवर अजिबात चालवू नका, एकदाच चालेल आणि तीही तुकडे होत. जाणकाराकडून एकाच फेरीत डिजिटल करून घ्या. कॅसेट असेल तर आधी मागच्या बाजूचे दोन्ही चौकोनी कान मोडा, म्हणजे चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. टेप सैल झाली असेल तर पेन्सिल घालून आवळा, आणि पूर्ण एकदा पुढे-मागे गुंडाळून मगच वाजवा. लोकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या कॅसेटी खराब म्हणून टाकू नका. त्यात गाण्याच्या मागे घरातला कुकर, दारातली सायकलची घंटा, आजीची हाक येते. केंद्रानं पुसलेला कार्यक्रम तिथेच शिल्लक असतो, आणि तो कुठल्या घरात कसा ऐकला जात होता हेही. मूळ वस्तू मालकाला परत करा, प्रत करायची परवानगी लेखी घ्या आणि एक प्रत त्यांनाही द्या. विश्वास बसला की शेजारचं घर आपणहून दार उघडतं.

सुरुवात कुठून करू, असंही तुम्ही विचारलंय. केंद्रात जाऊ नका, आधी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे जा. सांगलीत, विट्यात, तासगावात, जतला जुन्या पेठेत एखादं दुकान अजून असेल. आता ते मोबाइलचं कव्हर विकत असतील, पण मागच्या फळीवर एक उघडा मर्फी असतोच. त्या माणसाच्या हातून पंचक्रोशीतला प्रत्येक सेट गेलेला आहे. कुणाच्या रेडिओची सुई सांगलीवरच गंजली होती, कुठल्या वाडीत डोंगरामुळे आवाज बसायचा, कुठे लोक विहिरीवरच्या लोखंडी पाइपला तार बांधून ऐकायचे, हे त्याला पाठ असतं. चहा घ्या, घाई करू नका, आणि पहिला प्रश्न हा विचारा: काका, सांगली कुठे लागत नव्हती?